परिस्थिती ओळखणारा डिस्प्ले: पहिला प्रयोग घराच्या दारापासून

भिंतीवर स्क्रीन लावणं आता अवघड राहिलेलं नाही. जुना टॅब्लेट घ्यायचा, घड्याळ, हवामान आणि कॅलेंडर दाखवणारं पान त्यावर उघडायचं, की झालं. पहिले काही दिवस घरातले सगळे कौतुकाने बघतात, मग हळूहळू कुणाचीच नजर तिकडे जात नाही. सार्वजनिक जागांवरच्या स्क्रीनचंही हेच होतं. २००९ साली यॉर्ग म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'डिस्प्ले ब्लाइंडनेस' असं नाव दिलं. समोरच्या स्क्रीनवर आपल्या कामाचं काही नसणार, असा समज एकदा झाला की माणूस तिच्याकडे बघणंच सोडून देतो. माहिती बरोबर असते, पण ती नको त्या वेळी, न वाचता येणाऱ्या अंतरावर आणि सगळी एकदम मांडलेली असते.

या लेखात आपण वेगळ्या प्रकारचा डिस्प्ले उभा करणार आहोत. समोर कुणी आहे का, किती अंतरावर आहे, वेळ कोणती, उजेड किती, हे ओळखून तो स्वतः बदलतो. ही कल्पना जुनी आहे. झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये, संगणक भोवतालात मिसळून जातील असं चित्र मांडलं. त्याच सुमारास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत रॉय वाँट आणि सहकाऱ्यांनी अंगावर लावायचा 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' तयार केला होता. तो दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड इशारा द्यायचा आणि माणूस कोणत्या खोलीत आहे हे कळायचं. १९९४ मध्ये बिल शिलिट आणि मार्विन थायमर यांनी 'कॉन्टेक्स्ट-अवेअर', म्हणजे परिस्थितीची जाण असलेला, हा शब्द रूढ केला. तेव्हा जे अख्ख्या प्रयोगशाळेचं काम होतं, ते आज हौशी माणसाच्या टेबलावर होऊ शकतं.

थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल आणि तारा जोडायची भीती नसेल तर तेवढ्या भांडवलावर हे जमतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून मनात पक्की ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत: डिस्प्लेला परिस्थिती कळली की तो काय दाखवेल, हे ठरवायच्या आधी, त्याला खात्री नसेल तेव्हा तो काय दाखवेल हे ठरवा. खात्री नसण्याची वेळ वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा येते.

पायरी १: एक जागा आणि एक क्षण निवडा

'स्मार्ट घर' हा विषय मोठा आहे, तो आत्ता बाजूला ठेवा. एकच जागा घ्या. मी नवशिक्यांना नेहमी बाहेर पडायच्या दाराजवळची जागा सुचवतो. तिथे माणूस काय करतोय हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, तो थांबतो, आणि त्याच क्षणी त्याला दोन-तीन गोष्टी कळल्या तर त्याचा निर्णय बदलू शकतो.

कागदावर पाच गोष्टी लिहून काढा. इथे कोण उभं राहतं? किती सेकंद? किती अंतरावरून बघतं? हात मोकळे असतात का? आणि मिळालेल्या माहितीने त्याचं पुढचं पाऊल बदलतं का? पाचवा प्रश्न सर्वात निष्ठुर आहे आणि सर्वात उपयोगाचाही. आजचं कमाल तापमान दारात वाचून कुणाचं काही बदलत नाही. पुढच्या दोन तासांत पाऊस पडणार का, हे कळलं तर छत्री घेतली जाते. बस किती वाजता आहे हे कळलं तर पावलांचा वेग बदलतो. मागची खिडकी उघडी राहिली आहे हे कळलं तर माणूस मागे वळतो. एवढंच ठेवा. बातम्या, सुविचार, शेअर बाजार यांना या दारात जागा नाही.

दारात बूट घालताना माणसाला स्क्रीनसाठी फार तर चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन छोट्या ओळी वाचून होतात. चौथी ओळ आली की नजर आधी शोधायला लागते आणि मग काहीच वाचत नाही.

पायरी २: विकत काही घेण्याआधी कागद चिकटवा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून मुद्दाम आग्रहाने सांगतो. ज्या आकाराची स्क्रीन घ्यायचा विचार आहे त्या आकाराचा पुठ्ठा कापा, ठरलेल्या जागी लावा आणि त्यावर तीन ओळी ठळक अक्षरांत लिहा. काही दिवस सकाळी स्वतः उठून त्या ओळी बदला. यंत्राच्या जागी आधी माणसाने पडद्यामागून काम करायचं, ही संगणक आणि माणूस यांच्या संवादाचा अभ्यास करणाऱ्यांची जुनी आणि भरवशाची पद्धत आहे.

यातून फुकटात बरंच कळतं. दार उघडलं की पुठ्ठा दाराआड जातो. उंची मोठ्यांसाठी बरोबर असते पण मुलांना दिसत नाही. समोरच्या खिडकीतला उजेड सकाळी नेमका त्याच जागेवर पडतो. आणि घरातलं एखादं माणूस सांगतं, 'मला बसची वेळ नको, औषध घेतलं का ते लिही.' शेवटचं वाक्य तर कुठल्याच सेन्सरने सांगितलं नसतं.

पायरी ३: काय ओळखता येतं आणि काय नुसतं वाटतं

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

सेन्सर परिस्थिती सांगत नाही, तो एक मोजमाप सांगतो. पुढचा अर्थ आपण लावतो. 'समोर काहीतरी हललं' हे मोजमाप. 'समोर माणूस आहे' हा त्यावरचा अंदाज. 'तो माणूस बाहेर निघालाय' हा अंदाजावरचा अंदाज. प्रत्येक पायरी चढताना चूक व्हायची शक्यता वाढते. म्हणून वहीत तीन रकाने करा, प्रत्येक नियम त्यांत मांडा, आणि तुमचा नियम तिसऱ्या रकान्यावर टेकला असेल तर तो चुकल्यावर काय होईल हे शेजारीच लिहून ठेवा.

आता सेन्सरकडे वळू.

पीआयआर हा इन्फ्रारेडवरून हालचाल ओळखणारा सेन्सर सर्वात स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा. एचसी-एसआर५०१ हे त्याचं नेहमीचं मॉडेल. उष्ण शरीर हललं की त्याला कळतं, साधारण सात मीटरपर्यंत. पण न हलणारा माणूस त्याच्या दृष्टीने नसतोच. खुर्चीत वाचत बसलेल्या माणसाभोवती दिवे आपोआप बंद होतात, ते यामुळेच. आणखी एक बारकावा: समोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, थेट त्याच्या दिशेने येणारं उशिरा. म्हणून स्क्रीनच्या वर सरळ समोर तोंड करून लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर, ये-जा आडवी पडेल असा लावा. वीज दिल्यावर स्थिरावायला त्याला मिनिटभर लागतं. तेवढ्यात आलेले इशारे मोजू नका. ऊन थेट पडत असेल किंवा गरम हवेचा झोत येत असेल तिथे तो फसतो.

मिलिमीटर-वेव्ह रडार ही त्याच्या पुढची पायरी. एलडी२४१० हे २४ गिगाहर्ट्‌झवर चालणारं छोटं मॉड्युल हौशी मंडळींत लोकप्रिय आहे. स्थिर बसलेल्या माणसाच्या छातीची श्वासाबरोबर होणारी सूक्ष्म हालचालही ते टिपतं. त्याच गुणामुळे हलणारा पडदा, फिरणारा पंखा आणि पातळ भिंतीपलीकडचा माणूसही टिपतं. हे मॉड्युल अंतराचे साधारण पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे पाडतं आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठरवू देतं. बसवल्यावर पहिलं काम एकच: दारापलीकडचे टप्पे बंद करा. नाहीतर जिन्यातून कुणीही गेलं तरी तुमचा डिस्प्ले उत्साहाने जागा होईल.

नेमकं अंतर हवं असेल तर टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर घ्या. व्हीएल५३एल१एक्स हा अदृश्य लेसरचा झोत सोडून परतीचा वेळ मोजतो आणि चार मीटरपर्यंतचं अंतर देतो. कडक उन्हात त्याचा पल्ला बराच घटतो. दाराजवळच्या प्रयोगाला मला रडार आणि हा, अशी जोडी सर्वात पटते. एक म्हणतो 'कुणीतरी आहे', दुसरा म्हणतो '९० सेंटिमीटरवर आहे'. दोघांचं जमलं तर विश्वास ठेवायचा, नाही जमलं तर गप्प राहायचं.

दाराला चुंबकाचा साधा रीड स्विच लावा. दार उघडं की बंद, हे तो निःसंदिग्ध सांगतो. अत्यंत साधं उपकरण, पण या सगळ्यात सर्वात प्रामाणिक. उजेडासाठी बीएच१७५० चालतो. तो थेट लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, आकडा देतो. अंदाजासाठी सांगायचं तर कार्यालयातल्या टेबलावर साधारण ५०० लक्स असतात, उघड्या आकाशाखाली दिवसा दहा हजारांच्या वर.

आणि समोर नेमकं कोण आहे? इथे नवशिक्यांनी थांबावं, असं माझं ठाम मत आहे. फोनच्या ब्लूटूथवरून ओळखायचं म्हटलं तर फोन आपला पत्ता सारखा बदलतात, आणि सिग्नलची ताकद माणसाने पाठ फिरवली तरी बदलते, कारण शरीरातलं पाणी तो शोषतं. कॅमेऱ्याने चेहरा ओळखता येतो, पण दारात कॅमेरा लावून घरातल्यांना आणि पाहुण्यांना बस किती वाजता आहे हे सांगणं हा सौदा तोट्याचा आहे. पहिल्या प्रयोगात 'कोण' सोडून द्या. 'कधी' आणि 'किती जवळ' एवढ्यावर आश्चर्य वाटावं इतकं काम होतं.

पायरी ४: पडदा निवडताना

दोनच पर्यायांचा विचार करा, एलसीडी किंवा ई-पेपर.

ई-पेपर कागदासारखा दिसतो, रात्री खोलीत निळा उजेड पसरवत नाही आणि चित्र बदलतानाच वीज खातो. पण काळ्या-पांढऱ्या पॅनेललाही पूर्ण बदलायला काही सेकंद लागतात आणि बदलताना ते लुकलुकतं. तीन रंगांच्या पॅनेलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, १५ सेकंद किंवा अधिक. माणूस दारातून निघून गेल्यावर आलेली माहिती काय कामाची? काही पॅनेलवर फक्त थोडा भाग झटकन बदलता येतो, पण तसं सतत केलं की जुन्या अक्षरांची सावली राहते आणि अधूनमधून पूर्ण पुसावंच लागतं.

ई-पेपरचा एक धोका मात्र फारसं कुणी सांगत नाही. वीज गेली, वाय-फाय तुटलं, कंट्रोलर अडकला, तरी त्यावरचं शेवटचं चित्र तसंच राहतं. डिस्प्ले मेलेला असतो आणि चेहरा जिवंत. कालची बस तो आज तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून ई-पेपर वापरलात तर कोपऱ्यात 'शेवटची नोंद ८:०५' असं छापल्याशिवाय तो भिंतीवर लावूच नका.

माझा सल्ला असा: फक्त वेळेनुसार बदलणारा फलक करायचा असेल, म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं, तर ई-पेपर. माणूस जवळ येताच बदल दिसायला हवा असेल तर सात इंची एलसीडी. या लेखातल्या दारासाठी एलसीडी.

अक्षरांचा आकार अंदाजाने ठरवू नका. बघणाऱ्याच्या अंतराला दीडशेने भागलं की आरामात वाचता येईल अशी अक्षराची उंची मिळते. तीन मीटरवरून वाचायचं तर २० मिलिमीटर, एक मीटरवरून वाचायचं तर साधारण ७ मिलिमीटर. हे गणित मुळात रोमन अक्षरांचं आहे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं असल्यामुळे थोडी जास्त उंची आणि ओळींमध्ये मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन बसतो.

मराठीत डिस्प्ले करणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी अडचण इथेच सांगून टाकतो. छोट्या कंट्रोलरवर चालणाऱ्या बहुतेक लायब्ररी एकेक अक्षर सुटं काढतात. त्यांना 'शक्यता' मधलं 'क्य' जोडता येत नाही आणि 'खिडकी' मधली पहिली वेलांटी 'ख' च्या चुकीच्या बाजूला पडते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, अक्षरं जुळवणारं इंजिनच तिथे नसतं. सोपा मार्ग असा की मजकूर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ब्राउझरमध्ये मांडायचा, ब्राउझर जोडाक्षरं नीट लावतो. पायथनमध्ये पिलो ही चित्रं बनवायची लायब्ररी वापरत असाल तर ती राक्म या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीसकट बसवलेली आहे का ते तपासा. आणि पडदा कंट्रोलरलाच जोडायचा असेल तर तयार चित्र बनवून त्याच्याकडे पाठवा, मजकूर पाठवू नका.

रंगांबद्दल एवढंच: लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक कमी नाहीत, म्हणून अर्थ रंगावर सोपवू नका, सोबत शब्द किंवा चिन्ह द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवा.

पायरी ५: जोडणी

रचना साधी ठेवा. सेन्सर ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डला, ईएसपी३२ वाय-फायवर, मधे एक निरोप्या, आणि पलीकडे पडदा चालवणारा रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय'). निरोप्याचं काम एमक्यूटीटी करतं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवायचं ठरलेलं तंत्र. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केलं. जोडणी तुटक आणि महाग असणार हे त्यात मुळापासून गृहीत धरलेलं आहे, म्हणूनच घरातल्या लहरी वाय-फायवरही ते टिकतं. मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्रॅम, पायवर बसवा. बसवल्यावर ईएसपी३२ जोडलं जात नसेल तर घाबरू नका: मॉस्किटोच्या २.० आवृत्तीपासून तो मुळात फक्त त्याच यंत्रावरच्या जोडण्या घेतो. लिसनर म्हणून १८८३ हा पोर्ट आणि पासवर्डची फाइल तुम्हाला द्यावी लागते. बहुतेक ईएसपी३२ बोर्ड २.४ गिगाहर्ट्‌झचंच वाय-फाय ओळखतात, हेही आधीच तपासा. कित्येकांचा अख्खा दिवस याच कारणाने जातो.

बहुतेक सेन्सरसाठी स्वतः कोड लिहायची गरज नाही. ईएसपी-होम या ईएसपी३२ साठीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये वर दिलेले बहुतेक सेन्सर काही ओळींच्या मांडणीत चालू होतात. नियम लिहायला होम असिस्टंट हा घरातली उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम घ्या. तो मुक्त आहे, २०१३ पासून सुरू आहे आणि घरातल्या घरात चालतो. पडद्यावर क्रोमियम हा ब्राउझर किओस्क पद्धतीने, म्हणजे पत्त्याची पट्टी न दाखवता, पूर्ण स्क्रीनभर चालवा.

एमक्यूटीटीमधल्या दोन सोयी नीट समजून घ्या. पहिली, रिटेन केलेला निरोप. ब्रोकर शेवटचा निरोप सांभाळून ठेवतो आणि नव्याने जोडलेल्या पडद्याला लगेच देतो. खिडकी उघडी की बंद, यासाठी हे उत्तम. पण 'कुणीतरी समोर आहे' हा निरोप कधीही रिटेन करू नका, नाहीतर पाय पुन्हा सुरू झाल्यावर तासाभरापूर्वीच्या माणसाचं स्वागत करेल. दुसरी, लास्ट विल. सेन्सरने जोडतानाच सांगून ठेवायचं, 'माझा संपर्क तुटला तर माझ्या नावाने हा निरोप दे.' यामुळे 'समोर कुणी नाही' आणि 'सेन्सरच बंद पडलाय' या दोन गोष्टी पडद्याला वेगवेगळ्या कळतात. हा फरक ज्या डिस्प्लेला कळत नाही तो कधीतरी खोटं बोलणारच.

बाहेरच्या माहितीचंही तसंच. हवामानासाठी ओपन-मीटिओसारखी सेवा बिगर-व्यापारी वापराला नोंदणीशिवाय चालते. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं जगभरात बऱ्याच ठिकाणी जीटीएफएस या स्वरूपात मिळतात आणि काही ठिकाणी थेट स्थितीही. प्रत्येक माहितीला तिची मुदत लावा. बसची थेट वेळ दोन मिनिटं, पावसाचा अंदाज दोन तास, खिडकीची स्थिती सेन्सर जिवंत असेपर्यंत. मुदत संपली की ती माहिती पडद्यावरून गेली पाहिजे, किंवा ती जुनी आहे असं स्पष्ट लिहिलं पाहिजे.

पायरी ६: नियम

टोरांटो विद्यापीठातल्या डॅनियल व्होगल आणि रविन बालकृष्णन यांनी २००४ मध्ये सार्वजनिक डिस्प्लेसाठी चार टप्पे मांडले. माणूस लांब असताना डिस्प्ले भोवतालाचा भाग असतो. माणूस जवळून जाऊ लागला की तो किंचित दखल घेतो, माणूस थांबला की थोडी जास्त माहिती देतो, आणि अगदी जवळ आल्यावर व्यक्तिगत होतो. माणसामाणसांतल्या अंतरांचा विचार याआधी एडवर्ड हॉल यांनी केला होता. जवळच्या लोकांसाठी सुमारे ४५ सेंटिमीटरपासून १.२ मीटरपर्यंत, औपचारिक बोलण्यासाठी ३.६ मीटरपर्यंत, असे त्यांचे पट्टे होते. हे आकडे संस्कृतीप्रमाणे बदलतात, पण आरंभाला पुरतात.

दारासाठी चार अवस्था करू. 'शांत': कुणी नाही, फक्त वेळ, मंद उजेडात. 'जाता-येता': चार मीटरच्या आत कुणीतरी आहे पण थांबलेलं नाही. तिथे एकच मोठं चिन्ह, उदाहरणार्थ छत्री, तेही पाऊस खरंच संभवत असेल तरच. 'निघताना': १.२ मीटरच्या आत दोन सेकंदांहून जास्त वेळ. तिथे तीन ओळी. आणि चौथी 'साशंक'.

सकाळचे ८:१० वाजलेत असं धरा. रडार सांगतं की दोन मीटरवर हालचाल आहे. डिस्प्ले 'जाता-येता' मध्ये जातो, छत्री दिसते. लेसर सेन्सर ९० सेंटिमीटर दाखवतो. नियम लगेच उडी मारत नाही, दोन सेकंद थांबतो, कारण शेजारच्या खोलीत जाणारं माणूसही याच जागेवरून जातं. दोन सेकंद झाले. तीन ओळी येतात: '९ नंतर पावसाची शक्यता', 'बस ८:२१', 'मागची खिडकी उघडी'. पण बसची थेट माहिती ८:०६ ची आहे, म्हणजे मुदतीबाहेर. अशा वेळी डिस्प्ले वेळापत्रकातली वेळ दाखवतो आणि शेजारी 'वेळापत्रकानुसार' असं लिहितो. वाचणाऱ्याला कळतं की दोन-चार मिनिटं हाताशी ठेवावीत. दार उघडतं. दहा सेकंदांनी डिस्प्ले शांत होतो.

बाहेरून येणाऱ्याला मात्र बस दाखवायची नाही. ते कसं ओळखायचं? घटनांच्या क्रमावरून. आधी जवळ आला, मग दार उघडलं, तर बाहेर चाललाय. आधी दार उघडलं, मग जवळ दिसला, तर आत आलाय. कॅमेरा लागला नाही, ओळख लागली नाही, फक्त दोन घटनांच्या वेळा लागल्या. या विषयातलं माझं सर्वात आवडतं तंत्र हेच आहे.

उंबरठ्याचे आकडे कधीही एकेरी ठेवू नका. १.२ मीटरला चालू आणि १.२ मीटरलाच बंद केलं, तर त्या रेषेवर उभ्या माणसासमोर पडदा सारखा बदलत राहील. १.२ ला चालू, १.६ ला बंद करा. उजेडाचंही तसंच: ३० लक्सखाली गेला की रात्रीचा रंग, आणि ५० च्या वर गेला की दिवसाचा. एकदा दाखवलेली ओळ निदान पाच सेकंद हलवू नका, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोरून मजकूर काढून घेण्याइतकं चिडवणारं दुसरं काही नसतं.

आता 'साशंक'. सेन्सरचा लास्ट विल आला, दोन सेन्सरचं जमेना, माहितीची मुदत संपली आणि तिच्या जागी वेळापत्रकासारखं दुसरं काही हाताशी नाही, यातलं काहीही झालं तरी याच अवस्थेत यायचं. इथे डिस्प्ले फक्त वेळ आणि कधीही न चुकणारी माहिती दाखवतो, आणि कोपऱ्यात छोटी खूण करतो. मोठी लाल सूचना नको, कारण दारात उभ्या माणसाला तिचा उपयोग नसतो. ती खूण तुमच्यासाठी आहे. ही अवस्था सर्वात आधी लिहा आणि बाकीच्या तिन्ही तिच्यावर रचा. नवीन काही जोडताना ते तुटलं तर डिस्प्ले इथेच परत येतो का, हे वायर उपटून बघा. खरोखर उपटून.

पायरी ७: दुसऱ्यांच्या नजरा

भिंतीवरची स्क्रीन सगळ्यांना दिसते. डॉक्टरांची वेळ, औषधाची आठवण, 'घरी कुणी नाही' ही स्थिती, यातलं काहीही दार उघडल्यावर बाहेरून वाचता येता कामा नये. साधा नियम करा: दार उघडं असेल, किंवा समोर एकाहून जास्त माणसं असण्याची शक्यता असेल, तर फक्त सर्वांना चालेल अशी माहिती. व्यक्तिगत गोष्टींसाठी शब्दांऐवजी घरातल्यांनाच कळेल असं चिन्ह ठेवता येतं. औषधासाठी एक छोटं वर्तुळ पुरतं.

सेन्सरच्या नोंदीही जपून ठेवण्यासारख्या नाहीत. कोण किती वाजता बाहेर पडलं याची महिनोन्‌महिने साठलेली यादी म्हणजे घराची दिनचर्याच असते. होम असिस्टंट मुळात दहा दिवसांच्या नोंदी ठेवतो; उपस्थितीच्या सेन्सरची नोंद त्यातूनही वगळता येते. आणि डिस्प्ले बंद करायचं एक खरंखुरं बटण हाताला लागेल असं ठेवा. घरातल्या ज्या माणसाला हे नको आहे त्याला ते कुणालाही न विचारता थांबवता आलं पाहिजे.

पायरी ८: लावल्यानंतर

पहिल्या आठवड्यात नियम बदलू नका, फक्त नोंदी घ्या. डिस्प्ले 'निघताना' मध्ये किती वेळा गेला आणि त्यानंतर मिनिटाभरात दार उघडलं का? नसेल उघडलं तर तो चुकीचा जागा झाला. उलट बाजूही बघा: दार आतून उघडलं पण त्याआधी डिस्प्ले जागाच झाला नव्हता, असं किती वेळा झालं? हे दोन आकडे घेऊन मगच अंतर आणि सेकंद बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट. घरातल्यांना 'आवडला का' असं विचारण्यात अर्थ नाही. बाहेर पडल्यावर फोन करून विचारा, 'निघताना त्यावर काय लिहिलं होतं?' उत्तर आलं नाही तर अक्षरं लहान आहेत किंवा ओळी जास्त आहेत.

देखभाल थोडीशीच, पण नियमित. पायचं एसडी कार्ड सततच्या लिखाणाने खराब होतं, म्हणून नोंदी कमी करा किंवा एसएसडी वापरा. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नाही. वीज येऊन इंटरनेट यायच्या आधी त्यांची वेळ चुकलेली असते, तेव्हा वेळ जुळेपर्यंत पडदा साशंक ठेवा आणि त्यावरची वेळही लपवा. ब्राउझर अधूनमधून अडकतो, त्याला रोज पहाटे एकदा आपोआप पुन्हा सुरू करा.

हे सगळं नीट चालू लागलं की दुसरा डिस्प्ले करावासा वाटेल. तो पडदाच असायला हवा असं नाही. झेरॉक्स पार्कमध्ये नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छतावरच्या छोट्या मोटरला आठ फुटी प्लास्टिकची दोरी टांगली होती आणि मोटर नेटवर्कच्या केबलला जोडली होती. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगर फिरायची, कमी झाली की क्वचित थरथरायची, आणि काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून ते कळायचं. तुमच्या घरातही कित्येक गोष्टींना शब्दांची गरज नसते. पावसासाठी दाराच्या चौकटीवरची एक एलईडी पट्टी पुरते, आणि तिच्यासाठी तोच ब्रोकर, तोच अंदाज आणि तीच 'साशंक' अवस्था वापरता येते. फक्त दिवा विझलेला असणं म्हणजे 'पाऊस नाही' आणि 'मला माहीत नाही' या दोन्हींचा एकच अर्थ होऊ देऊ नका. दुसऱ्यासाठी पट्टीतला एक दिवा मंद पांढरा ठेवा.